मागोवा : वासाच्या वाटेवरचा एक खेळ

'मागोवा' हा शब्द आम्हां मराठीच्या अध्यापकांच्या फार सरावाचा. चर्चासत्रांच्या शीर्षकांत, प्रबंधांच्या प्रस्तावनांत, सत्काराच्या भाषणांत तो हमखास भेटतो. कवितेचा मागोवा, दशकाचा मागोवा, एखाद्या वाङ्मयप्रकाराचा मागोवा. परंतु 'माग' म्हणजे मुळात कुणाच्या तरी जाण्याची जमिनीवर उरलेली खूण, आणि त्या खुणेवरून जाणाऱ्यापर्यंत पोहोचणे म्हणजे माग काढणे, हा अर्थ आमच्या वर्गांतून जवळजवळ हद्दपार झाला आहे. संस्कृतातील 'मार्ग' या शब्दाचे नाते 'मृग' शब्दाशी जोडले जाते. जनावर ज्या वाटेने गेले ती वाट म्हणजे आधी मार्ग. इंग्रजीतही असाच एक मजेदार प्रकार आहे. गुप्तहेराला लावला जाणारा 'स्लूथ' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतील 'माग' या अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे, आणि माणसाला चिकटण्यापूर्वी कित्येक शतके तो कुत्र्याला लागत होता. 'स्लूथ हाऊंड' म्हणजे वासावरून माग काढणारा शिकारी कुत्रा. शेरलॉक होम्सच्या पिढीतल्या हेरांनी ती पदवी कुत्र्याकडून उसनी घेतली आहे.

या लेखाचा विषय आहे हेच काम, पण खेळ म्हणून केलेले. एक माणूस चालत जाऊन कुठेतरी दडून बसतो. काही वेळाने एक कुत्रा आणि त्याच्या दोराचे टोक धरलेला दुसरा माणूस त्याला शोधायला निघतात. बस्स, एवढाच खेळ. युरोप-अमेरिकेत शेकडो हौशी माणसे आठवडी सुट्टीच्या दिवशी ओल्या गवतातून हे करीत असतात. साहित्याच्या अभ्यासकांनी याकडे का पाहावे, असे कुणी विचारील. आमचे उत्तर असे की, हा खेळ जन्मला तो एका जुन्या आणि अवघड प्रश्नातून: ज्याला बोलता येत नाही त्याची साक्ष कितपत धरायची?

प्रश्न किती जुना आहे हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १०८ वे सूक्त म्हणजे सरमा आणि पणी यांचा संवाद. पणींनी गाई दडवून ठेवलेल्या आहेत. इंद्राची दूती सरमा रसा नदी ओलांडून त्यांच्यापर्यंत येऊन ठेपते. पणी तिला बहीण म्हणतात, गाईंत वाटा देऊ करतात. ती बधत नाही. सूक्तात तिला कुत्री म्हटलेले नाही. 'देवशुनी' ही तिची ओळख यास्काच्या निरुक्तासारख्या पुढच्या परंपरेतली. 'बृहद्देवते'त मात्र हीच कथा उलटी फिरते. तिथे सरमा पणींच्या घरचे दूध पिते, परत येऊन इंद्राला 'गाई दिसल्या नाहीत' असे सांगते. इंद्र संतापून लाथ मारतो, तिच्या तोंडून दूध बाहेर येते, आणि ती भेदरून पणींकडेच पळत सुटते. इंद्र तिच्या मागोमाग जातो. म्हणजे माग काढणारीचे शब्द खोटे आणि तिच्या पायांची वाट खरी! दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. एकात निष्ठावंत साक्षीदार, दुसऱ्यात फितूर. आणि दोन्हींत गाईंपर्यंत नेण्याची शक्ती एकट्या तिचीच.

आता आपण ब्रिटनकडे वळू. कारण ज्याला नियम, पंच आणि बक्षीस आहे असा मागाचा खेळ ज्या कुत्र्याभोवती आधी उभा राहिला, त्या ब्लडहाऊंडचा इतिहास तिथला आहे. चौदाव्या शतकात जॉन बार्बरने स्कॉटिश राजा रॉबर्ट ब्रूसवर जे दीर्घकाव्य रचले, त्यात शत्रू ब्रूसच्या मागावर स्लूथ हाऊंड सोडतात आणि राजा ओढ्याच्या पाण्यातून चालत जाऊन माग तोडतो. राजा पळतो आहे, कुत्रा शत्रूच्या हाती आहे, आणि आपली सहानुभूती पळणाऱ्याकडे. पुढे इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमाभागात गुरे पळविणाऱ्या टोळ्यांचा सुकाळ झाला, तेव्हा तिथल्या कायद्याने चोरीला गेलेल्या गुरांचा सहा दिवसांच्या आत सीमा ओलांडूनही पाठलाग करण्याची मुभा दिली होती. भाल्याच्या टोकाला पेटते गवताळ ढेकूळ, सोबत शिंग आणि कुत्रा. १६१६ साली तर कंबरलंडमधील ठिकठिकाणच्या रहिवाशांनी आपल्या खर्चाने असे कुत्रे पाळावेत असा हुकूमच निघाला. कुत्रा ज्याच्या दारापाशी थांबला त्याची धडगत नसणार, हे सांगायला नकोच. १५७० साली जॉन केयस या वैद्याने ब्रिटनमधील कुत्र्यांवर जी लॅटिन पुस्तिका लिहिली, तिच्यातही चोरांचा माग काढणाऱ्या ब्लडहाऊंडला मानाचे पान आहे.

या इतिहासाची काळी बाजू अमेरिकेत दिसते. तिथे पळून गेलेल्या गुलामांच्या मागावर कुत्रे सोडले जात. हॅरिएट बीचर स्टो यांच्या 'अंकल टॉम्स केबिन' (१८५२) या कादंबरीत एलायझा बर्फाच्या लाद्यांवरून नदी पार करते, त्या प्रसंगात कुत्रे नाहीत; पण या कादंबरीची जी नाट्यरूपे पुढे गावोगाव फिरली त्यांनी रंगमंचावर भुंकणारे कुत्रे आणले, आणि प्रेक्षकांच्या मनात तोच प्रसंग कायमचा बसला. मूळ संहितेत नसलेली गोष्ट सर्वांना आठवते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही. ब्लडहाऊंड हे नावच मग रक्तपिपासू वाटू लागले. वास्तविक हा कुत्रा माग संपला की माणसाच्या अंगाला नाक लावतो आणि शेपूट हलवितो. त्याला पकडायचे नसते, फक्त सापडायला हवे असते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कुत्र्याला दोन ठिकाणी नवे आयुष्य मिळाले. एक म्हणजे श्वानप्रदर्शने, आणि दुसरे प्रयोग. प्रयोगांची हकीकत थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते.

डार्विनचे तरुण सहकारी जॉर्ज रोमेन्स यांनी १८८७ मध्ये आपल्या सेटर कुत्रीवर काही साध्या, पण अत्यंत हुशारीने रचलेल्या चाचण्या केल्या. बारा माणसे एकामागून एक चालली. पुढे स्वतः रोमेन्स, आणि मागच्या प्रत्येकाने पुढच्याच्या पाऊलखुणेतच पाऊल टाकायचे. काही अंतरावर रांग दुभंगली, दोन तुकड्या दोन दिशांना गेल्या आणि दडून बसल्या. सर्वांत आधी उमटलेला आणि अकरा जणांनी तुडविलेला तो माग कुत्रीने काढला; फाट्यापाशी क्षणभर पुढे गेली, परत वळली आणि धन्याच्या बाजूला लागली. मग रोमेन्स यांनी परक्या माणसाशी बुटांची अदलाबदल केली. कुत्री धन्याच्या बुटांमागे गेली, धन्यामागे नव्हे! पुढे त्यांनी बुटांच्या तळव्यांना तपकिरी कागद चिकटविला, आणि कुत्रीला माग लागेना. तो लागला नेमका त्या जागी, जिथे कागद टाचेपाशी झिजून बुटाचा अगदी लहानसा भाग जमिनीला टेकला होता. कुत्री नक्की काय 'वाचते' हा प्रश्न इथे प्रथमच एवढ्या नेटकेपणाने विचारला गेला, असे आम्हाला वाटते. प्रयोगकर्त्याला उत्तर आधी ठाऊक आहे आणि ज्याची परीक्षा आहे त्याला नाही, ही मांडणी लक्षात ठेवावी. पुढे खेळाचा सगळा डोलारा हिच्यावर उभा आहे.

त्याच सुमारास स्कारबरोजवळचे एडविन ब्रफ हे ब्लडहाऊंड पाळणारे गृहस्थ कुत्र्यांना माणसाच्या मागावर चालविण्याच्या खटपटीत होते. १८८६ मध्ये वॉर्विकच्या श्वानप्रदर्शनाला जोडून अशी एक चाचणी झाली. आणि १८८८ च्या शरद ऋतूत लंडनच्या व्हाइटचॅपल भागात त्या कुप्रसिद्ध हत्या घडल्या. वृत्तपत्रांनी ब्लडहाऊंड आणण्याचा आग्रह धरला. ब्रफ यांचे बार्नबी आणि बर्गो हे दोन कुत्रे लंडनला आले. पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरन यांच्या समोर हाइड पार्कमध्ये चाचण्या झाल्या, आणि खुद्द वॉरन साहेब पळणारा माणूस झाले. महानगराचा पोलीसप्रमुख पहाटेच्या दहिवरातून कुत्र्यांपुढे चालतो आहे, हे चित्र प्रहसनकारांना आयतेच मिळाले. कुत्रे हरवल्याची कंडीही वृत्तपत्रांनी पिकविली. प्रत्यक्षात मोबदल्याची बोलणी ठरेनात म्हणून ब्रफ यांनी कुत्रे परत नेले होते. हे सर्वांना कळविण्याचे मात्र राहून गेले. ९ नोव्हेंबरला शेवटची हत्या उघडकीस आली तेव्हा कुत्रे येतील म्हणून पोलीस दुपारी दीडपर्यंत बंद दाराबाहेर थांबून होते.

या फजितीनंतर दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, कॉनन डॉयल यांची 'द साइन ऑफ फोर' आली. तिच्यातला टोबी हा कुत्रा क्रिओसोट या उग्र वासाच्या द्रव्याचा माग काढीत लंडनभर धावतो आणि शेवटी होम्सला क्रिओसोटच्याच एका पिंपापाशी नेऊन उभा करतो. होम्स आणि वॉटसन दोघांनाही हसू आवरत नाही. टोबी चुकला का? त्याने जे दिले होते तेच शोधले. त्याला माणसाचा वास दिलाच नव्हता.

या भेदाला खेळाच्या इतिहासात फार महत्त्व आहे. उत्तर इंग्लंडच्या कंब्रियात 'हाऊंड ट्रेलिंग' नावाचा एक जुना लोकप्रिय खेळ आहे. तिथे बडीशेपेसारख्या वासाचे अ‍ॅनिसीडचे तेल आणि रॉकेल यांत भिजविलेली चिंधी डोंगरातून फरफटत नेतात आणि सुमारे दहा मैलांच्या त्या वाटेवर कुत्र्यांची झुंड शर्यतीत सोडतात. बाजूला सट्टेवाले उभे असतात. लबाडीला आळा बसावा म्हणून १९०६ मध्ये त्याची रीतसर संघटनाही झाली. तो वेगाचा खेळ आहे, आणि पाहायला बहारदार. परंतु ब्रफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९७ मध्ये ब्लडहाऊंड पाळणाऱ्यांची जी संघटना काढली, तिने आग्रह धरला तो 'स्वच्छ बुटा'चा. बुटाला काहीही फासायचे नाही. चालणाऱ्याच्या अंगचा जो काही वास वाटेवर राहील तेवढ्यावर कुत्र्याने जायचे, आणि शेवटी उभ्या असलेल्या माणसांतून नेमका तोच ओळखायचा. आजही ब्रिटनमधील या चाचण्यांत नवख्या कुत्र्यासाठी अर्ध्या तासापूर्वीचा सुमारे एक मैलाचा माग असतो. वरच्या पायरीवर तो तीन मैलांचा आणि दोन तास जुना होतो. पंचाच्या हाती नकाशा असतो. दोर धरणाऱ्याच्या हाती नसतो.

अटलांटिकपलीकडे न्यायालये याच प्रश्नाशी झगडत होती. १८९८ च्या केंटकीतील एका निकालाने कुत्र्याच्या मागाचा पुरावा स्वीकारण्यासाठी अटी घातल्या: कुत्रा अस्सल जातीचा असावा, माणसाच्या मागावर तयार केलेला असावा, आणि त्याची अचूकता अनुभवाने पारखलेली असावी. नेब्रास्का (१९०३) आणि इलिनॉय (१९१४) येथील न्यायालयांनी तर असा पुरावाच नको म्हटले. हाच वाद आपल्या दारीही आला. महाराष्ट्रात रेल्वेगाडी घसरवल्याच्या एका खटल्यात पोलीस कुत्र्याने आरोपी दाखविला होता. १९६९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या पुराव्यावरचे आक्षेप नोंदविले. कुत्र्याला पिंजऱ्यात उभे करून उलटतपासणी घेता येत नाही. माणसाचे आयुष्य आणि स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगणे मनाला पटत नाही. आणि अशा पुराव्याचा ऐकणाऱ्यावर पडणारा प्रभाव त्याच्या मोलापेक्षा कितीतरी अधिक असतो. असा पुरावा स्वीकारला तरी त्याला फारसे वजन देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. शिक्षा कायम राहिली ती इतर पुराव्यांवर. आम्हाला यांतला तिसरा आक्षेप सर्वांत सूक्ष्म वाटतो. शोधाचे नाट्य माणसाला इतके मोहविते की तो सत्य-असत्य विसरतो. वाचक म्हणून आपण सर्वच त्याला बळी पडलेलो आहोत.

गुन्ह्याच्या तपासात वाटेच्या टोकाला खरे काय आहे हे कुणालाच ठाऊक नसते. खेळात ते एकाला ठाऊक असते. म्हणून कुत्र्याचे म्हणणे पडताळता येते ते इथेच. १९०१ पासून जर्मनीत शेफर्ड कुत्र्यांच्या ज्या कसोट्या सुरू झाल्या त्यांत माग काढणे हा एक भाग राहिला. अमेरिकन केनल क्लबने १९३६ मध्ये मागाची परीक्षा घेतली. या परीक्षेला ब्लडहाऊंडच हवा असे नाही. प्राथमिक परीक्षेचा माग साधारण ४४० ते ५०० यार्डांचा, अर्धा ते दोन तास जुना, तीन ते पाच वळणांचा. टोकाला हातमोज्यासारखी वस्तू. पुढे १९८० मध्ये तीन ते पाच तास जुन्या आणि परक्या मागांनी छेदलेल्या वाटेची परीक्षा आली, आणि १९९५ मध्ये डांबर, फरशी, इमारती यांमधून जाणाऱ्या मागाची. क्रमांक नाहीत, शर्यत नाही. उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. विज्ञानही सोबत चालत राहिले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेपर आणि वेल्स यांच्या अभ्यासानुसार ज्या कुत्र्यांना मागाची दिशा कळते त्यांना तेवढ्यासाठी पाच पावले पुरतात. पहिल्या आणि पाचव्या पावलाच्या वासात एक-दोन सेकंदांच्या वयाचा फरक. तो त्यांना वाचता येतो!

कुणा वाचकाला हे करून पाहावेसे वाटले तर सुरुवात सोपी आहे. गळ्यातला पट्टा नको, छातीवरून जाणारा हार्नेस हवा, म्हणजे नाक खाली घालून ओढताना गळा आवळत नाही. पंधरा-वीस फुटांचा दोर. कुत्र्याला प्रिय असलेला खाऊ, आणि कुत्र्याला आवडणारा एक माणूस. त्या माणसाने खाऊ दाखवावा, आपला मोजा किंवा रुमाल जमिनीवर टाकावा आणि पंधरा-वीस पावलांवर झुडुपाआड जावे. कुत्र्याला मोजा हुंगू द्यावा आणि सोडावे. सापडला की तिथल्या तिथे खाऊ आणि भरपूर कौतुक. पहिले काही दिवस एवढेच, आणि कुत्र्याची हौस फिटण्याआधी थांबायचे. मग माणसाने नजरेआड जायचे, मग एक वळण, मग दहा मिनिटांची उसंत, मग अर्ध्या तासाची. तुडविलेल्या गवतावर पावलागणिक जायला शिकवायचे असेल तर ठशांत खाऊचे कण ठेवतात; विशिष्ट माणसाचा वास धरून जायला शिकवायचे असेल तर ते टाळतात, कारण मग कुत्रा टोबीसारखा खाऊच शोधू लागतो. त्वचेचे सूक्ष्म कण वाऱ्याने बाजूला सरकतात. त्यामुळे दुसऱ्या प्रकारात कुत्रा पावलांपासून हातभर दूर चालला तरी त्याला चूक म्हणू नये. वेळ पहाटेची. थंडीतले दहिवर किंवा पावसाने उघडीप दिल्यानंतरची ओली जमीन यांसारखे दुसरे काही नाही. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात तापलेल्या मुरुमावर वास टिकत नाही आणि कुत्र्याचे पाय भाजतात.

अवघड भाग माणसाचा आहे. माग कुठून गेला हे दोर धरणाऱ्याला ठाऊक असेल तर नकळत त्याचा हात दोराला इशारा देतो, पाऊल अडखळते, श्वास बदलतो, आणि कुत्रा वास सोडून धन्याला वाचू लागतो. बर्लिनमधील 'हुशार हान्स' हा गणिते सोडविणारा घोडा प्रत्यक्षात प्रश्नकर्त्याच्या मानेची हालचाल टिपत होता, हे ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले. तोच सापळा इथे आहे. म्हणून लवकरच असा टप्पा यावा लागतो की धन्याला काहीच ठाऊक नाही.

गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही हा टप्पा महाविद्यालयाच्या मैदानावर करून पाहिला. कुत्री आमच्यातल्या एका सहकाऱ्याची, गावठी, तपकिरी, नाव ठकी. एम. ए.च्या एका विद्यार्थ्याला सांगितले होते की फाटकातून बाहेर जाऊन पलीकडच्या कडुलिंबाखाली बस. म्हणजे म्हटले तर आम्हाला ठाऊक होतेच, आणि तेच नडले. ठकी फाटकापर्यंत गेली, घुटमळली, आणि सरळ ग्रंथालयाच्या पायऱ्यांकडे वळली. दोर धरणाऱ्या सरांनी तिला मागे ओढले. पुन्हा वळली, पुन्हा ओढले. तिसऱ्यांदा ती खाली बसली आणि आमच्याकडे पाहत राहिली. आम्ही तिघेही तिला समजावीत होतो. वर्गात कविता चुकीची वाचणाऱ्या मुलाला समजवावे तसे. अखेर कंटाळून दोर सैल सोडला. ठकी पायऱ्या ओलांडून, सायकलींच्या छपराला वळसा घालून मागच्या पिंपळापाशी गेली. शिपायाने फाटकाला कुलूप घातलेले असल्याने विद्यार्थी मागच्या वाटेने गेला होता. तो पिंपळाच्या पारावर पोळीचा तुकडा हातात धरून बसला होता. ठकीने त्याच्या मांडीवर दोन्ही पाय टेकले.

"सर, इतका वेळ का लागला?" त्याने विचारले.